घरात राहणाऱ्यांची नावं

४ सप्टेंबर

दादा,

तुझा पत्ता लंबूकडून घेतला. त्याच्यावर चिडू नकोस. फोन नंबर कुणाला द्यायचा नाही असं तू त्याला बजावलंयस, आणि तो शब्दाला इतका पक्का की मी त्याच्या व्हॅनपुढे आडवी उभी राहिले तरी त्याने नंबर दिला नाही. मग मी विचारलं, पत्त्याबद्दल काही बोलला होता का? त्याने हॉर्नवर हात ठेवून बराच विचार केला आणि म्हणाला, नाही, पत्त्याबद्दल काही बोलला नव्हता. असा तुझा मित्र.

पत्राला तसं खास कारण नाही. सहजच लिहितेय. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आई अजून त्याच गणवेशाच्या कारखान्यात आहे, काजांच्या मशीनवर. तिचा गुडघा कुरकुर करतो, पण ती स्वतः करत नाही, तुला माहीतच आहे. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीत कबुतरांना दाणे टाकायचं अजून सोडलेलं नाही, त्यामुळे आपल्या दोरीवरचे कपडे आम्ही अजून दोनदा धुतो.

मी काय करते ते तुला लंबूने सांगितलं असेल, किंवा तू विचारलं नसशील. तू गेलास त्या उन्हाळ्यात मी दंततंत्रज्ञाच्या कोर्सला प्रवेश घेतला. आई सगळ्यांना सांगते, पोरगी दातांची डॉक्टर होणार. मी डॉक्टर होणार नाहीये. डॉक्टर दात काढतो, आम्ही करतो. कवळ्या, कृत्रिम दाढा, वाकड्या दातांना लावायच्या तारा. डॉक्टरकडून माणसाच्या तोंडाचा ठसा येतो, त्यात प्लास्टर ओतायचं, मग मेणात एकेक दात रचायचा. पहिल्या वर्षात मी नुसती मेणाने बोटं भाजून घेतली. आता वर्गात माझ्या दाढा सगळ्यांत चांगल्या येतात. हे मी म्हणत नाही, सर म्हणतात. लहानपणी पुढच्या दातांवरून तू मला खारूताई म्हणायचास, त्याचा मी असा सूड घेतेय म्हण.

बाकी सगळं ठीक. तू जेवतोस ना वेळेवर? बंदरावर थंडी असते का? शीतगृहात तर असणारच, काय विचारतेय मी.

तुझी
खारूताई

ता.क. एक छोटं काम होतं. सोबतच्या कागदावर 'मी सदर घरात राहत नाही' असं छापलंय. त्याखाली सही करून, हल्ली जिथे राहतोस तिथला काहीतरी पुरावा जोडून परत पाठव. कॉलेजला हवंय. दोन मिनिटांचं काम आहे. आणि या पत्राबद्दल आईला माहीत नाही.


२१ सप्टेंबर

दादा,

तुझं उत्तर नाही. कागदही नाही. लंबू म्हणतो पत्र पोहोचलंय, तू ते खिशात घालताना त्याने पाहिलं. म्हणजे वाचलंस आणि गप्प बसलास. आपल्या घराण्याची ही जुनीच खोड.

मागच्या पत्रात मी सहजच लिहितेय म्हणाले. सहज नव्हतं. आता नीट सांगते.

माझ्या कोर्सला विद्यावेतन मिळतं. सोळा ते एकोणीस वर्षांच्या ज्या मुलांच्या घरी कमाई बेताची आहे, त्यांनी शिक्षण सोडून कामाला लागू नये म्हणून दर महिन्याला पैसे देतात. हजेरी पूर्ण भरली तरच. ते आईच्या हातात नाही, माझ्या खात्यात येतात. त्यातून बसचा पास, मेण, पांढरा कोट, दुपारचं जेवण. पहिलं वर्ष त्याच्यावर निघालं. तू कामाला लागलास त्याच्या पुढच्या वर्षी ही योजना आली, हे तुला माहीत आहे का? मला कॉलेजात कळलं तेव्हा मी तारीख दोनदा बघितली. एका वर्षाने चुकली तुझी.

यंदा अर्ज केला तर नामंजूर. कॉलेजात साहाय्य कक्ष म्हणून एक खिडकी आहे. काचेला भोक इतकं खाली की बोलायला प्रत्येकाला वाकावं लागतं. आत एक बाई बसते, कायम पेपरमिंट चघळत. आम्ही तिला पेपरमिंटबाईच म्हणतो. तिने पडद्यावर बघून वाचलं, "घरात कमावणारी माणसं दोन. आई आणि भाऊ." मी म्हटलं, भाऊ घरी नसतो. बाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. यंदापासून सगळ्यांच्या पगाराच्या नोंदी ताडून बघतात म्हणे. तिथे तुझ्या शीतगृहाचं नाव होतं, तू फोर्कलिफ्टवर कायम झाल्याचं होतं, आणि खाली पत्ता आपल्या घराचा. गल्ली, इमारत, तिसरा मजला. पुढे 'जिन्याच्या डाव्या हाताला' हेसुद्धा. बाबा लिहायचे तसं.

तू आणि आई मिळून मर्यादेच्या वर जाता. म्हणजे कागदावर आपण खाऊनपिऊन सुखी आहोत.

घरी येऊन मी आईला हे सांगितलं. मला वाटलं होतं ती कपाळाला हात लावेल. ती भाजी ढवळत होती.

"पत्ता काय दिलाय म्हणालीस?"

मी सांगितला.

"जिन्याच्या डाव्या हाताला, असंही लिहिलंय?"

"हो."

तिने गॅस बंद केला. हात पुसले, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "म्हणजे पक्की नोकरी आहे." बस. एवढंच. पण त्या दिवसापासून तिचा चेहराच बदललाय. कारखान्यात जाताना केस नीट विंचरते. परवा वरच्या काकूंना सांगत होती, मुलगा बंदरावर कायम झाला. कबुतरांवरून भांडायला गेली होती, ते राहूनच गेलं.

मी तिला म्हटलं, आई, बाईंनी कागद दिलाय. त्यावर तुझी सही आणि दादाची सही, की तो इथे राहत नाही. महिनाअखेरपर्यंत दिला तर अर्ज पुन्हा उघडतील. ती म्हणाली, "तो कामासाठी बाहेरगावी आहे. बाहेरगावी गेलेला माणूस घरातलाच असतो." मी खूप समजावलं. ती म्हणाली, मी जादा पाळी करीन, पण असलं काही लिहून देणार नाही. गुडघ्याचं बोलले तर म्हणाली, काजं काय गुडघ्याने करतात?

म्हणून तुला लिहितेय. तुझी सही आली की आईला करावीच लागेल. जाताना तू दारात उभा राहून म्हणाला होतास, माझं नाव काढून टाका या घरातून. आता ते काढायची वेळ आली तर मूग गिळून बसलायस.

खारूताई


९ ऑक्टोबर

दादा,

लंबूने पाकीट आणून दिलं. त्यात पैसे होते आणि चिठ्ठी होती. चिठ्ठी मी इथे उतरवते, म्हणजे तू काय लिहिलंस ते तुलाही एकदा वाचायला मिळेल. 'फी आणि पाससाठी पाठवलेत. दर महिन्याला पाठवीन. शिक. ते मी तिथे राहत नाही वगैरे मला लिहवत नाही. आईला सांगू नकोस.'

तुम्ही दोघं एकमेकांचं तोंड बघत नाही, आणि उत्तर मात्र दोघांचं एकच. एकजण म्हणते लिहून देणार नाही, दुसरा म्हणतो लिहवत नाही. आणि मधल्यामध्ये माझं सँडविच झालंय. कधी वाटतं तुम्हा दोघांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी लावावी.

पैसे लंबूकडेच ठेवलेत. मी घेणार नाही. फणकारा करतेय असं समजू नकोस, नीट ऐक.

बाबा गेले तेव्हा तू माझ्याएवढा होतास. एक वर्ष काम कर, मग पुन्हा कॉलेज, असं ठरलं होतं. एकाची चार वर्षं झाली. मग तू म्हणालास, आता मला शीतयंत्रांचा कोर्स करायचाय, आणि आई म्हणाली, आता हिचं होऊ दे, मग तुझं. त्यावरून ते सगळं झालं. तुम्हाला दोघांना वाटतं मी झोपले होते. मी स्वयंपाकघरात होते, दाराआड. 'हिचं होऊ दे' हे मी ऐकलंय. तू जिना उतरून गेलास तेही ऐकलंय.

त्यानंतर मला विद्यावेतन मिळालं. पहिल्या महिन्याचे पैसे आले तेव्हा मी मेण कापायची सुरी घेतली, स्वतःची, लाकडी मुठीची. दुकानातून बाहेर पडताना मला पहिल्यांदा वाटलं की मी तुझ्या ताटातलं खात नाहीये. माझ्यापायी कुणाचं काही राहत नाहीये. आता तू पुन्हा ताट पुढे करतोस. दर महिन्याला मला पाठवणार, म्हणजे तुझा तो कोर्स पुन्हा लांबणार. नको मला. विद्यावेतनाचे पैसे सरकारने ज्या कामासाठी ठेवलेत त्यासाठी मला हवेत, आणि तुझे पैसे तुझ्यासाठी.

शिवाय खरं सांगायचं तर तुझी 'शिक' ही आज्ञा जरा उशिरा आली. मी मागच्या महिन्यापासून सकाळी कॉलेजला जात नाही. हॉटेलांच्या चादरी धुणारी लाँड्री आहे ना, पुलाखालची, तिथे जाते. ओल्या चादरी गरम रोलरमध्ये घालायच्या, पलीकडून दुसरी बाई ओढते, मग दोघींनी मिळून घडी. दुपारचे वर्ग करते, पण लॅब सकाळी असते, ती बुडते. सरांनी एकदा विचारलं, मी म्हटलं घरी आजारपण आहे. दुपारी वर्गात पेंगते. शेजारची मुलगी कोपराने ढोसते तेव्हा जागी होते. आईला वाटतं मी रोज लॅबला जाते. पासाचे पैसे वरच्या काकूंनी उसने दिले असं मी तिला सांगितलंय. एवढं खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते.

लॅब आणखी बुडाली तर सर मला परीक्षेला बसू देणार नाहीत. मग विद्यावेतन मिळून तरी काय उपयोग?

तुला भरीस घालायला हे लिहीत नाहीये. नाही, त्यासाठीच लिहितेय. सही कर, दादा. 'राहत नाही' एवढंच लिहायचंय. 'नव्हतो' किंवा 'येणार नाही' असं कुणी विचारलेलंच नाही.

खारूताई


१७ ऑक्टोबर

दादा,

आईला कळलं.

मंगळवारी कारखान्यात वीज गेली आणि बायकांना लवकर सोडलं. मी पांढरा कोट घरी विसरले होते. विसरले म्हणजे, लाँड्रीत तो लागत नाही. आईने तो दाराच्या खिळ्यावर बघितला आणि पोरीची पंचाईत होईल म्हणून दुखरा गुडघा घेऊन कॉलेजला गेली. लॅबच्या दारात सरांना कोट देऊन म्हणाली, जरा माझ्या मुलीला द्या. सर म्हणाले, ती तर बरेच दिवस सकाळी येत नाही, तुमची तब्येत आता कशी आहे?

पुढचं वर्गातल्या मुलीने सांगितलं. सरांना, बरी आहे, एवढंच म्हणाली म्हणे. मग त्या मुलीला बाजूला घेऊन विचारलं. तिलाही किती वेळ खोटं बोलता येणार?

मी रोलरवर होते. चादर अर्धी आत गेली की सोडता येत नाही, नाहीतर चुरगळून अडकते. मान वर केली तर मागच्या दारात आई. हातात माझा कोट. मला वाटलं आता सगळ्यांसमोर वाजवणार. ती आत आली, कोट खुंटीला लावला, आणि पलीकडच्या बाईला खुणेने म्हणाली, तुम्ही बसा जरा. तिने चादरीची पलीकडची टोकं धरली. मग आम्ही दोघींनी घड्या घातल्या. ती माझ्याकडे चालत यायची, टोकं माझ्या हातात द्यायची, खालची घडी उचलून मागे जायची. चादरींची ढकलगाडी रिकामी होईपर्यंत आम्ही तेच करत राहिलो. मग मुकादमाला म्हणाली, हिचा हिशेब करा, उद्यापासून ही येणार नाही.

पुलाखालून घरी येताना मी रडत होते आणि ती पुढे चालत होती. कोपऱ्यावर थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "एका पोराला मी या वयात कामाला लावलं. पुन्हा नाही."

मी म्हटलं, तू कुठे लावलंस, मीच गेले. ती म्हणाली, "तोही तेच म्हणायचा."

मग मी तिला सगळं सांगितलं. तुला पत्रं लिहिली ते, तुझी चिठ्ठी आली ते, पैसे लंबूकडे ठेवलेत ते. चिठ्ठी दाखवली. 'मला लिहवत नाही' ही ओळ तिने परत परत वाचली. नंतर विचारलं, तो कागद कुठाय? तुला पाठवला त्याची दुसरी प्रत मी कपाटातून काढून दिली. तिने चष्मा लावला, पेन झटकलं, आणि सही केली. तुला तिची सही आठवते ना, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर करायची तशी, शेवटच्या अक्षराला शेपूट. शेपूट या वेळी काढलं नाही.

बुधवारी आम्ही दोघी खिडकीवर गेलो. पेपरमिंटबाईंनी कागद बघितला. म्हणाल्या, मुलाची सही राहिलीय. आई म्हणाली, येईल. बाई म्हणाल्या, मुदत उलटलीय, या महिनाअखेरपर्यंत वाढवून घेते, पण त्यापुढे माझ्या हातात नाही. टपालाने धोका नको, प्रत्यक्ष आले तर तिथेच करून टाकू. सरांनाही भेटलो. ते आईसमोर मला काही बोलले नाहीत. आई पाणी प्यायला गेली तेव्हा बोलले, आणि चांगलंच बोलले. आता मी रोज संध्याकाळी थांबून बुडालेलं भरून काढते.

आईला तुला चार ओळी लिहायच्या आहेत. मी पेन तिच्याकडे देते आणि बाहेर जाते.

खारूताई

*

तुझं नाव मी कागदावरून काढलं आहे. तेवढ्या कागदापुरतंच.
कोर्ससाठी तुला थांब म्हटलं ते हिच्यासाठी म्हटलं. तुझ्यासाठी कधी कुणाला थांब म्हटलं नाही, ते माझं चुकलं.
सही करून पाठव. नाहीतर ये. आलास तर बरं.
गुडघा बरा आहे.
आई


२ नोव्हेंबर

दादा,

नीट पोहोचलास असं लंबू म्हणाला. वाटेत त्याच्या व्हॅनमध्ये झोपलास आणि त्याला गाणी म्हणू दिली नाहीस, अशी त्याची तक्रार आहे.

तू म्हणशील, मी होतो की तिथे, मला काय सांगतेस? पण तू सगळा वेळ त्या साखळीला बांधलेल्या पेनकडे बघत होतास. मी आईकडे बघत होते. म्हणून सांगते.

तू येशील की नाही हे आम्हाला माहीत नव्हतं. शेवटचा दिवस होता. आई कारखान्यातून सुट्टी घेऊन सकाळपासून त्या खिडकीसमोरच्या बाकावर बसली होती. मी लॅबमधून मधूनमधून डोकावून जायची. प्रत्येक वेळी ती हाताने खूण करायची, जा, तुझं काम कर. दुपारी गेले तर बाकावर नव्हती. मला वाटलं कंटाळून गेली. तर ती फाटकापाशी उभी होती, आणि समोर लंबूची व्हॅन वळत होती.

तू उतरलास तेव्हा तिने पदर सारखा केला आणि पहिलं काय बोलली? "वाळलास." तू म्हणालास, "नाही गं." बस्स, एवढं झालं तुमचं बोलणं. मी म्हटलं, देवा, हे दोघं आता पुन्हा मुके होणार.

पण खिडकीवर गेल्यावर गप्प राहता येत नाही. पेपरमिंटबाईंनी नियमाप्रमाणे विचारलं, हे तुमचे चिरंजीव? आई म्हणाली, हो. हे तुमच्याकडे राहतात का? आणि आई थांबली. मागे रांग होती, कुणीतरी खोकलं. तू पेन धरून उभा. मी आईचा हात बघितला, काचेखालच्या फळीवर होता, आणि बोट फळीवर असं फिरत होतं जसं ती कापडावर काजाची जागा चाचपते. मग ती भोकाशी वाकली आणि अगदी स्पष्ट, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, "नाही. हा आमच्याकडे राहत नाही."

तू खोलीच्या भाड्याची पावती पुढे सरकवलीस आणि सही केलीस. बाईंनी शिक्का मारला. आणि आई सरळ झाली, तुझ्याकडे वळली आणि त्याच आवाजात म्हणाली, "जेवायला घरी चल."

तू बघितलं नाहीस, पण बाई हसल्या. काचेच्या भोकातून तीन पेपरमिंट सरकवल्या. माझी मी रांगेतच खाल्ली. तुझी तुझ्या शर्टाच्या खिशात टाकलीय, धुण्याआधी बघ.

घरी काय झालं ते तुला माहीत आहे. तू पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसलास, आणि जेवून झाल्यावर त्याच खुर्चीत बसल्या बसल्या झोपलास. तेवढं मात्र तुला माहीत नसेल की तू झोपलेला असताना आईने मला नळसुद्धा हळू सोडायला लावला. वरच्या काकू कशाला तरी आल्या तर त्यांना जिन्यातूनच परत पाठवलं. मग तुझ्यासमोर स्टूल घेऊन बसली आणि मेथी निवडल्यासारखं काहीतरी करत राहिली. मेथी नव्हती. जुनी बटणं होती, ती रंगाप्रमाणे वेगळी करत होती.

निघताना जिन्यात तू आणि आई बराच वेळ उभे होतात. काय बोललात ते मला माहीत नाही. मी भांडी घासत होते, नळ मोठा सोडून. या वेळी मला दाराआडचं काही ऐकायचं नव्हतं.

तू गेल्यावर आई आत आली, पलंगावर आडवी झाली, आणि अजून उजेड होता तरी तिला झोप लागली. चष्मासुद्धा काढला नव्हता. मी काढला. किती दिवसांनी ती अशी झोपली ते मलाच आठवेना. मी दार लोटून बसले आणि मेणाची दाढ कोरत राहिले. माझाही जीव भांड्यात पडला होता, पण भांडं हातात धरून बसावं लागतंच ना थोडा वेळ.

खारूताई


५ डिसेंबर

दादा,

विद्यावेतन मंजूर झालं. मागचे महिनेही मिळाले. काकूंचं काही देणं नव्हतंच, पण त्यांच्या नावाने खोटं बोलले होते म्हणून त्यांना एक कबुतरांच्या दाण्यांची पिशवी नेऊन दिली. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, कारण त्या पिशवीमुळे आमच्या चादरी पुन्हा खराब झाल्या.

तुझे पैसे लंबू परत आणेल. घेतले नाहीस तर तो ते व्हॅनच्या टायरांना घालणार आहे, असं त्याने मला बजावून सांगितलंय.

माझी हजेरी सरांनी भरून दिली, पण फुकट नाही. शिक्षा म्हणून पहिली खरी कवळी माझ्या गळ्यात घातली. दवाखान्यातून आलेला ठसा, खरा माणूस, निवृत्त पोस्टमन. वरचा जबडा पूर्ण. मी तो मेणात तीन वेळा रचला. परवा बसवताना डॉक्टरांनी मला आत बोलावलं. आजोबांनी तोंड मिटलं, उघडलं, जिभेने सगळे दात चाचपले. मग आरशात बघितलं आणि म्हणाले, "हे माझेच आहेत की." त्यांच्या बायकोने बाहेरून विचारलं, कसे आहेत? ते बाहेर गेले आणि तिच्यासमोर उभं राहून नुसते हसले. तिने तोंडाला पदर लावला. मी परत लॅबमध्ये आले आणि उगाचच सगळी हत्यारं धुतली, आधीच धुतलेली होती तरी.

पेपरमिंटबाईंकडे तुझं विचारलं. एकोणिसाच्या पुढे ही योजना नाही, त्या म्हणाल्या, आणि त्यांनाच वाईट वाटलेलं दिसलं. पण तुमच्या बंदराच्या गावात तांत्रिक शाळेत काम करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग आहेत, फी निम्मी आहे आणि शीतयंत्रांचा कोर्स आहे. माझ्यासमोरच फोन लावून त्यांनी खात्री करून घेतली. पत्ता मागच्या पानावर लिहिलाय. जा असं मी म्हणणार नाही. आपल्या घरात कुणी कुणाला काय करायचं ते सांगितलं की काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

आणखी एक. आज तुझं पत्र आलं. मी जिन्यातून वर येत होते, टपालपेटीत दिसलं, अक्षर ओळखीचं. मला वाटलं माझ्या पत्राचं उत्तर, म्हणून तिथेच फोडणार होते. मग पाकिटावरचं नाव बघितलं. आईचं होतं.

मी ते तिला नेऊन दिलं. ती मशीनच्या तेलाने काळे झालेले हात धुऊन आली, खिडकीशी बसली, आणि वाचलं. पानं बरीच होती. मी विचारलं, काय लिहिलंय? ती म्हणाली, "तुला नाही लिहिलेलं." घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवून दिलं. संध्याकाळी माझ्याकडे वहीचे कोरे कागद मागितले, आणि म्हणाली, जरा बाहेर जाऊन बस, मला लिहायचंय.

तर आता मी जिन्यात बसून तुला हे शेवटचं लांबलचक पत्र लिहितेय. यापुढे घरची खबरबात तुम्ही एकमेकांना कळवा. माझी परीक्षा आहे.

खारूताई